मंडळीचा कॉम्प्युटर आणि मालूताईंचं फोल्डर

कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाईला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते फोन करून घरी येतात! आणि प्रत्येक किस्सा एकाच वाक्यानं सुरू होतो, "वसू, मी काहीच केलं नाही गं, आपोआप झालं."

दिवसा मी सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात सिस्टम बघते. तिथंही किस्से होतात, पण ते पगारी. खरे किस्से आमच्या गाण्याच्या मंडळीतले, जिथं मी फुकट राबते आणि वर बोलणी खाते. कृष्णपुऱ्याजवळ एका कपड्याच्या दुकानाच्या वर आमची खोली आहे. दर रविवारी सकाळी तिथं आधी पोहे-जिलेबी, मग चहा, आणि वेळ उरला तर गाणं. सगळी इंदूरची जुनी मराठी मंडळी. कुणाचे पणजोबा संस्थानच्या फौजेत, कुणाचे दफ्तरात. राज्य कधीच गेलं, पण रुबाब राहिला, त्यामुळे मंडळीत गाणारे थोडे आणि सरदार जास्त!

पूर्वी हे किस्से मी हसत सांगायचे. आता सांगते, पण पहिल्यासारखं हसू येत नाही. कारण हल्ली सगळे किस्से फिरून मालूताईंवर येऊन थांबतात.

मालूताई आमच्या मुख्य गायिका. मंडळीतल्या कुणाच्याही घरचं लग्न असो, मंगलाष्टकं त्यांचीच. छापील नाहीत हं! प्रत्येक जोडप्यासाठी त्या स्वतः नवीन रचायच्या, मुलीचं नाव, मुलाचं नाव, दोन्ही घरांची माणसं गुंफून. माझ्या लग्नातही त्यांनीच म्हटली होती. मागच्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. बसला नाही, गेला. आता त्या फोनवर टाइप करून बोलतात.

आणि या वर्षी त्यांच्या नातीचं, सईचं लग्न. ऑपरेशनमुळे पुढे ढकललेलं.

सई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "वसूमावशी, साखरपुडा झाला तेव्हाच आजीनं माझी मंगलाष्टकं रचून रेकॉर्ड केली होती. तुमच्या मंडळीच्या कॉम्प्युटरवर. मला ती हवीत. मांडवात आजीचाच आवाज पाहिजे. दुसऱ्या कुणाचा नको."

मी म्हटलं, "बस एवढंच? रविवारी देते."

रविवारी गेले तर कॉम्प्युटरची डिस्क टकटक वाजत होती. हा आवाज ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. ज्यांना माहीत नाही त्यांनी एवढंच समजा, की मशीन शेवटचे श्वास घेत होतं. लगेच सगळ्याचा बॅकअप घेणं भाग होतं. मी कॉपी लावली आणि स्क्रीनवर आलं, अॅक्सेस डिनाइड. पुढचं फोल्डर, अॅक्सेस डिनाइड. त्याच्या पुढचं, पुन्हा तेच! आमच्या मंडळीतल्या प्रत्येक सरदारानं आपापलं फोल्डर बंद करून ठेवलेलं!

आता हे कसं झालं, ते ऐका.

*

सुरुवात अण्णांनी केली. अण्णा आमचे सेक्रेटरी आणि पेटीवादक. त्यांच्या पेटीची रेकॉर्डिंग्ज कुणीतरी दुप्पट स्पीडनं लावून हसत होतं, असं त्यांच्या कानावर आलं. कुणीतरी म्हणजे आमचे तबलजी बंडूभिया (इंदुरात भाऊला भिया म्हणतात), दुसरं कोण! अण्णांनी ठरवलं की फोल्डरला बंदोबस्त करायचा. कुणाला विचारायचं म्हणजे कमीपणा. स्वतःच सेटिंगमध्ये शिरले, तिथं ‘एव्हरीवन’ असं दिसलं, त्याच्यापुढे ‘डिनाय’च्या जेवढ्या चौकटी होत्या तेवढ्या सगळ्यांवर टिक केलं आणि समाधानानं घरी गेले.

पुढच्या रविवारी मला फोन. "वसू, मला कुणीतरी माझ्याच फोल्डरमधून ब्लॉक केलंय. हे राजकारण आहे."

मी जाऊन बघितलं. म्हटलं, "अण्णा, राजकारण नाही, तुम्हीच केलंय. एव्हरीवनला डिनाय."

"मग बरोबरच आहे! बाकीच्यांना नकोच होतं."

"पण एव्हरीवनमध्ये तुम्ही पण येता ना?"

अण्णांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला. "असं कसं? मी सेक्रेटरी आहे!"

तेव्हा मी पोट धरून हसले होते आणि त्यांचं फोल्डर सोडवून दिलं होतं. अण्णांनी माझी पाठ वळताच ते पुन्हा बंद केलं, या वेळी स्वतःला वगळून. तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण अण्णांनी बंद केलं म्हटल्यावर बाकीचे गप्प बसतात थोडेच! ज्याला त्याला वाटायला लागलं, की आपल्याही फोल्डरला कुलूप पाहिजे, नाहीतर मंडळीत आपली इज्जत काय राहिली?

*

मग बंडूभिया. बंडूभिया माणूस सोन्यासारखा, पण दर दोन-चार महिन्यांनी राजीनामा देतात. कारण काहीही असतं. एकदा पोह्यांवर शेव कमी पडली म्हणून दिला होता!

त्या वेळी जरा जास्तच तापले. "अण्णा, बस! आता आपण नाही येत. माझं नावसुद्धा इथं नको!" असं म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवरचं आपलं अकाउंटच काढून टाकलं. जिने उतरून गेले. पुढच्या रविवारी जिलेबीचा पुडा घेऊन परत. कुणी काही बोललं नाही, आमच्याकडे बोलायची पद्धतच नाही. त्यांनी बसून नवीन अकाउंट केलं, तेच नाव, तोच फोटो. आणि आपल्या तबल्याच्या फोल्डरवर क्लिक केलं.

अॅक्सेस डिनाइड.

"वसूताई, हा काय चक्कर आहे? मी तोच बंडू आहे की!"

मी समजावलं, की बंडूभिया, कॉम्प्युटर नावावरून ओळखत नाही. अकाउंट काढलंत तेव्हा त्याच्या लेखी तो बंडू संपला. हा नवीन बंडू त्याला परका. मालक कोण म्हणून बघितलं तर नावाच्या जागी एक लांबलचक नंबर दिसत होता. बंडूभियांनी त्या नंबरावर बोट ठेवलं.

"म्हणजे हा मी आहे?"

"होता."

ते माझ्याकडे वळून म्हणाले, "वसूताई, एवढे राजीनामे दिले मी आयुष्यात. कुणी एकही मनावर घेतला नाही. हा पहिला निघाला, ज्यानं सीरियसली घेतला!"

त्यांचं फोल्डर मी त्यांच्या नव्या नावावर करून दिलं. आणि त्यांनी काय करावं? माझ्यासमोर तिथल्या तिथं त्याला कडी घातली. "आता कुणी हात लावून दाखवावा!"

*

आता तुम्ही म्हणाल, की एवढी कॉम्प्युटरवाली बाई घरात असताना बॅकअप नव्हता का? होता ना! दर रविवारी आपोआप व्हायचा. अण्णांनी हौसेनं बाहेरची डिस्क आणली होती, एका दुकानदाराकडून लावून घेतली होती. मला विचारलं नाही, कारण त्या दिवसांत अण्णा माझ्यावर रुसलेले होते. कशावरून ते मला आजतागायत माहीत नाही. दर रविवारी स्क्रीनवर बॅकअप झाल्याची खूण यायची, अण्णा टाळी वाजवायचे आणि म्हणायचे, "चला, मंडळी अमर झाली!"

तर डिस्क टकटकायला लागली त्या दिवशी मी म्हटलं, घाबरायचं काय, बॅकअपची डिस्क आहे की. जोडली. उघडली. सगळे माझ्या मागे उभे.

आत काय होतं? सत्काराचे फोटो. शाल, श्रीफळ, शाल, श्रीफळ. कुणा पाहुण्यांचं भाषण, ज्यात ते मंडळीचं नावच चुकीचं घेतायत. आणि सहलीला गेलो होतो तिथल्या समोशांचे फोटो. ढीगभर!

बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामला ज्या फोल्डरमध्ये शिरता आलं नाही, ते तो सोडून पुढे गेला होता. दर रविवारी. तसं तो खाली बारीक अक्षरात लिहायचाही, पण खूण दिसली की बारीक अक्षरं कोण वाचतो? ज्या ज्या गोष्टीवर आमचा जीव होता तिला आम्ही कुलूप लावलं होतं. आणि जिला कुलूप होतं ती एकही वाचली नव्हती.

अण्णांनी हळूच विचारलं, "म्हणजे समोसे सेफ आहेत?"

"हो अण्णा. समोसे एकदम सेफ आहेत."

कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही. सई दाराशी उभी होती, तिनं फक्त एवढंच विचारलं, "आणि आजी?"

*

मालूताईंच्या फोल्डरचा किस्सा वेगळा. तो सांगायला मला आवडत नाही.

सईच्या साखरपुड्याच्या सुमाराची गोष्ट. ताईंनी सईची मंगलाष्टकं रेकॉर्ड केली, पेटीवर अण्णा. त्याच आठवड्यात अण्णांनी ताईंच्या दुसऱ्याच एका गाण्याची तालीम व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकून दिली. कच्ची तालीम. त्यात वरच्या पट्टीत ताईंचा आवाज चिरकला होता. लोकांनी लगेच लिहिलं, "ताई, आवाज बसला का?" "ताई, वय झालं का?" वर हसरे चेहरे!

ताई रविवारी आल्या आणि अण्णांसमोर उभ्या राहिल्या. "कच्चं बाहेर पाठवायचं नसतं, एवढं कळत नाही का तुम्हाला?"

अण्णांनी सॉरी म्हणायचं ना! ते म्हणाले, "चिरकला तो तुमचा आवाज. माझी पेटी नाही चिरकली."

झालं. दोघांचं बोलणं बंद. इतक्या वर्षांची जोडी, एक शब्द नाही. ताईंनी आपलं अकाउंट उघडलं, आपल्या फोल्डरवर जाऊन शोधून शोधून सगळ्यात भक्कम कुलूप निवडलं. एन्क्रिप्ट. केल्याबरोबर आतल्या सगळ्या गाण्यांची नावं हिरवी झाली. मंडळीत एकदम दबदबा!

"हिरवं झालं म्हणजे एकदम पक्कं," बंडूभिया म्हणाले. "अरे यार, आपलं पण हिरवं करायला पाहिजे!"

त्यानंतर कॉम्प्युटर ताईंना कोपऱ्यातून सारखी सूचना देत राहिला, की या कुलपाच्या किल्लीची एक प्रत काढून ठेवा. ताई ती दर वेळी बंद करायच्या. म्हणायच्या, "जाहिराती फार येतात हल्ली."

आवाज का चिरकला होता, ते आम्हाला पुढे डॉक्टरांनी सांगितलं. ती त्या आजाराची पहिली खूण होती. ज्यावर आम्ही हसरे चेहरे टाकले, ती! तेव्हाच कुणी "ताई, जरा दाखवून या" म्हटलं असतं तर? मी हे अनेकदा मनात फिरवलंय.

*

डिस्क मी कारखान्यात नेली. आधी तिची जशीच्या तशी नक्कल नवीन डिस्कवर उतरवून घेतली, कारण मरायला टेकलेल्या डिस्कवर प्रयोग करायचे नसतात. पूर्ण उतरली. देवाला नमस्कार केला. अण्णांचं, बंडूभियांचं, सगळ्यांचं कुलूप मी चुटकीसरशी काढलं. परमिशन म्हणजे दाराची कडी. मी दुसऱ्या दारानं आत जाऊ शकते.

पण हिरव्या नावांचं तसं नसतं. तिथं आतली वस्तूच दळून पीठ केलेली असते. त्या पिठाचे परत गहू करायची विद्या फक्त ताईंच्या पासवर्डजवळ. म्हणून मी ताईंच्या अकाउंटमध्ये गेले, तर लक्षात आलं की त्यांचा पासवर्ड कुणीतरी जबरदस्तीनं बदललाय. आणि असा बदलला, की हिरवं फोल्डर खुद्द ताईंनाही बंद होतं.

रविवारी मी सगळ्यांना समोर बसवलं. माझा आवाज जरा चढलाच होता. "कुणी केलं हे?"

बंडूभियांनी मान खाली घातली. "ताई हॉस्पिटलमध्ये होत्या ना, तेव्हा."

"पण कशाला?"

"मला वाटलं, आवाज गेलाय, आता त्यांना त्यांचं गाणं ऐकायला मिळालं तर बरं वाटेल. फोनवर व्हिडिओ बघून बघून केलं. अकाउंट तर उघडलं हो! फोल्डरही दिसलं. पण गाणं लागेना. मग तसाच हॉस्पिटलमध्ये गेलो. बाहेरच्या बाकावर बसलो आणि परत आलो. काय तोंड घेऊन आत जाणार?"

डोक्यात राग होता आणि रडू येत होतं. अण्णा मात्र उसळले. "अक्कल गहाण टाकली होतीस का रे? विचारायचं नाही कुणाला? सत्यानाश केलास!"

नेहमीचे बंडूभिया असते तर एव्हाना राजीनामा आला असता.

अण्णांचं ओरडणं आपोआपच थांबलं. खिडकीकडे बघत ते म्हणाले, "निदान बाकापर्यंत तरी गेलास तू."

*

एक रस्ता उरला होता. ताईंना जुना पासवर्ड आठवला, आणि अकाउंटला पुन्हा तोच लावला, तर कुलूप उघडतं. पण तोच पाहिजे, अक्षरागणिक तोच. त्याच्या आसपासचा चालत नाही.

मी सईबरोबर ताईंच्या घरी गेले. ताई गळ्याला रुमाल बांधून बसल्या होत्या. मला बघून हसल्या, चहाची खूण केली. मी सगळं सांगितलं, बंडूभियांचं नाव वगळून. त्यांनी फोन घेतला, टाइप करून माझ्यापुढे धरला.

"बंडूनं केलं ना?"

मी चहाचा कप उचलला. त्यांनी परत टाइप केलं. "मला आवडलं असतं ऐकायला."

पासवर्ड मात्र आठवेना. सईनं देवांची नावं सुचवली, घरातल्यांची सुचवली, घरातल्या मांजरीचंही सुचवलं. ताई नुसती मान हलवत होत्या. शेवटी त्यांनी लिहिलं, "डोक्यात नाही. हातात असेल. खोलीवर नेशील?"

ऑपरेशननंतर ताई खोलीवर पहिल्यांदाच आल्या. जिने चढताना दोनदा थांबल्या. अण्णा आधीच येऊन बसले होते. पेटीची धूळ पुसत होते, पुसलेलीच परत पुसत होते. ताई आत आल्या तसे उठून उभे राहिले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "पंखा लावू का?"

ताईंनी मान डोलावली. अण्णांनी पंखा लावला. एवढंच झालं.

नवी डिस्क बसवून मी अकाउंटला पासवर्ड लावायची चौकट उघडून ठेवली होती. ताई कॉम्प्युटरपुढे बसल्या. त्यांनी हातानं खूण केली, तोंडं फिरवा! आम्ही सगळे शहाण्या मुलांसारखे भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. अण्णासुद्धा. मागे कीबोर्डचा आवाज, मग थांबणं, मग परत आवाज. उघडेना. पुन्हा. उघडेना. मी वळून बघितलं, तर ताई आपल्या बोटांकडे बघत बसल्या होत्या.

"ताई, विचार नका करू," मी म्हटलं. "रविवारी मशीन चालू करताना कसा टाकायचात, तसा टाका."

तेवढ्यात बंडूभिया गुपचूप चपला घालून बाहेर निघून गेले. मला वाटलं, गेला बिचारा, सहन होत नसेल. ताई परत कीबोर्डकडे वळल्या. आणि दार धाडकन उघडून बंडूभिया आत आले, धापा टाकत.

"माफ करा हं ताई! राजवाड्यापाशी काय ट्रॅफिक होतं, काय सांगू! निघालो तर वेळेवरच होतो!"

दर रविवारचं वाक्य. अगदी शब्दन् शब्द. आणि दर रविवारी ताई मशीन चालू करता करता मान वळवून त्यांना झापायच्या!

ताईंनी मान वळवली. डोळे मोठे केले. डाव्या हाताचं बोट बंडूभियांवर रोखलं, ओठ हलले, आवाज आला नाही, पण काय म्हणाल्या ते आम्हा सगळ्यांना पाठ होतं. आणि उजवा हात तिकडे न बघताच कीबोर्डवर धावला.

मी फोल्डरवर क्लिक केलं. उघडलं!

सई आजीच्या गळ्यात पडली, मग रुमाल आठवून जपून बाजूला झाली. मी मात्र आनंद-बिनंद काही केला नाही. आधी सगळं कॉपी केलं. नव्या डिस्कवर, पेन ड्राइव्हवर, सईच्या फोनमध्ये, माझ्या फोनमध्ये. कुलूप कुठंही ठेवलं नाही. मग म्हटलं, "आता लावू का?"

*

मी मंगलाष्टकं लावली.

ताईंचा आवाज खोलीभर झाला. काय सांगू तुम्हाला! किती दिवसांनी! खाली कपड्याच्या दुकानात भावताव चालला होता, तोही थांबल्यासारखा वाटला. पहिल्या कडव्यात सईचं नाव आलं, तिच्या नवऱ्याचं आलं. सई हुंदके देऊन रडत होती. बंडूभिया उघड उघड डोळे पुसत होते. मला वाटलं, निदान मांडवात तरी हा आवाज वाजेल. सगळं गेलं नाही आपलं.

ताई एकट्या रडत नव्हत्या. त्या कपाळाला आठी घालून ऐकत होत्या. दुसरं कडवं सुरू झालं आणि त्यांनी हात वर केला. तालमीत करायच्या तसा. थांबा.

मी बंद केलं.

त्यांनी फोन घेतला, टाइप केलं, आणि माझ्याकडे नाही, सईकडे नाही, अण्णांच्या समोर धरला. अण्णा चष्मा शोधायला लागले. कपाळावरच होता. तो खाली घेऊन त्यांनी मोठ्यानं वाचलं.

"दुसरं कडवं घाईत गेलं."

अण्णांनी बोटांनी मांडीवर ताल मोजून बघितला. "गेलं खरं," ते म्हणाले. "पण चूक माझी. पेटी मीच पुढे पळवली. तुम्ही बरोबर होतात."

ताईंनी फोन खाली ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या अण्णांकडे बघून हसल्या.

अण्णांचा चेहरा इतका खुलला, की मी त्यांना तसं कधी बघितलंच नव्हतं. उत्साहानं त्यांनी पेटी पुढे ओढली, भाता उघडला. "बंडू, ठेका धर रे! मालूताई, चला, लगेच परत एकदा घेऊ. पहिल्यापासून."

ताई ताठ बसल्या. पदर सावरला.

अण्णांनी सूर दिला, आणि दर वेळेसारखे ताईंच्या तोंडाकडे बघत थांबले.